सापडला नाही

तपासणीत विषाणू सापडला नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि तो हसला. हसायचं असं त्यानं ठरवलं नव्हतं. त्याला नुसतं कळलं की आपले गाल वर गेलेत, खांदे खाली आलेत आणि गेला पंधरवडा छातीत अडकून बसलेला श्वास नाकावाटे मोठ्यानं बाहेर पडलाय. डॉक्टरीणबाई बोलता बोलता थांबल्या. शेजारच्या खुर्चीत त्याची बायको मांडीवर पर्स घेऊन बसली होती, तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला. लोकांचे डोळे तपासता तपासता आयुष्यभर माणसांचे चेहरे हातभर अंतरावरून बघत आलेली. तिच्या नजरेतून एवढं मोठं हसू सुटणं शक्यच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडचा तिकडे केला आणि शांतपणे सांगितलं, "तुम्हाला वाटतंय तशी ही चांगली बातमी नाहीये." तरी ते हसू लगेच गेलं नाही. सगळे उठून गेल्यावर रिकाम्या खोलीत चालू राहिलेल्या पंख्यासारखं ते त्याच्या तोंडावर राहिलं, आणि त्याचं काय करावं ते त्याला सुचेना.

त्यानंतर त्या जे बोलल्या ते त्यानं ऐकलं, समजलंही, पण प्रत्येक वाक्य त्या हसण्याला ठेचकाळून आत येत होतं. गर्भाशयाच्या तोंडाशी होणारा कॅन्सर बहुतेक वेळा त्या एका विषाणूमुळं होतो. पण काही थोडे, दुर्मीळ प्रकार असे असतात की त्यांच्या मुळाशी तो विषाणू नसतोच. हिचा तसला निघालाय. दोन वर्षांपूर्वी हिनं विषाणूची तपासणी करून घेतली होती आणि ती निर्धोक आली होती, ती चुकीची नव्हती. जे नव्हतंच ते तिला दिसणार कसं. विषाणूवाला कॅन्सर किरणांना, औषधांना बऱ्यापैकी दाद देतो. हा जरा हट्टी असतो, लपून वाढतो, नुसतं पाण्यासारखं जात राहतं आणि बाई म्हणते, वयाचं असेल. पण अजून लहान आहे. ऑपरेशन करता येईल, आणि पुढच्या आठवड्यातच करू. त्याच्या बायकोनं विचारलं की दुकानातून किती दिवस सुट्टी घ्यावी लागेल, आणि लेकीला इतक्या लांबून आत्ता बोलावू की घरी आल्यावर. जणू प्रवासाची चौकशी चालली होती. मग डॉक्टरीणबाईंनी संमतीचा कागद पुढं केला. त्यानं तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, पुन्हा लांब धरला. अक्षरं मुंग्यांसारखी एकमेकींत शिरत होती. बायकोनं बोट ठेवून दाखवलं तिथं त्यानं सही केली.

बाहेर आल्यावर दोघं लिफ्टपाशी उभे राहिले. लिफ्ट दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा, त्यामुळं कुठल्याही लिफ्टपुढं तो गिऱ्हाइकासारखा उभा राहूच शकत नसे. दार उघडताना बसलेला बारीकसा हिसका त्याच्या पायांना लगेच कळला: खालच्या खाचेत घाण साचलीय, दुसरं काही नाही. लोक म्हणतात मोटर गेली, दोर गेला, बटणं बिघडली, आणि शंभरातल्या साठ वेळा निघतं काय, तर दाराच्या खाचेत कुणाच्या तरी बुटातून पडलेला खडा. बिघाडाला कारण असतं. हे त्याला त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं आणि त्यानं ते इतकं मनावर घेतलं होतं की घरात कुणाला ताप आला तरी तो आधी विचारायचा, कुठं भिजलीस? लेक लहानपणी त्याची नक्कल करायची. कारण सापडलं की अर्धं काम झालं, असं तो म्हणे, आणि हात पुसत असा उठे की उरलेलं अर्धं आपोआपच होणार. आज पहिल्यांदा कुणीतरी त्याला सांगितलं होतं की कारण शोधलं, नीट शोधलं, ते नाहीये. आणि बिघाड आहे. लिफ्ट खाली जाऊ लागली. शेजारी बायको आकड्यांकडे बघत उभी होती. "अहो, हिला तेल हवंय का?" तिनं विचारलं. चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची, घरात अरे. लग्न झालं तेव्हा वडीलधाऱ्यांपुरतं ठरवलेलं ते सोंग वडीलधारे गेल्यावरही सुटलं नव्हतं, आणि त्या अहोमध्ये त्यांची आपापसातली जुनी चेष्टा होती. तो म्हणाला, तेल नको, झाडू हवा. ती म्हणाली, बरं.

पंधरवड्यापूर्वी ती लिफ्ट बंद पडली नसती तर तो आज असा हसला नसता. तेव्हा ते पहिल्यांदा आले होते, त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर. डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या की तपासायला पाठवलेल्या तुकड्यात एक विषाणूही शोधणार आहोत. तो शरीरसंबंधातून येतो. जवळपास सगळ्यांनाच आयुष्यात कधीतरी येऊन जातो, सर्दीसारखा, आणि पत्ताही लागत नाही. एखादीच्या अंगात मात्र तो वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. कुणाकडून आला, कधी आला, हे सांगता येत नाही आणि त्यावरून कुणाचं चारित्र्य ठरवू नये. एवढं झालं आणि बाहेर एकच ओरडा उठला. चादरींच्या ढकलगाडीसकट एक नर्स दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. दारातून डोकावलेल्या शिपायानं त्याला ओळखलं, कारण मागं कधीतरी त्यानंच इथली लिफ्ट बसवली होती, आणि तो बायकोकडे एकवार बघून उठला. उठायला नको होतं. पण माणूस अडकलाय म्हटल्यावर त्याचे पाय त्याला विचारत नसत. वर मोटरच्या खोलीत जाऊन त्यानं हातानं ब्रेक सैल केला, चाक फिरवलं, नर्सला खाली उतरवलं. तिनं त्याला तोंडभर आशीर्वाद दिले, आणि तो ग्रीसचे हात घेऊन परत आला तोवर सल्ला संपला होता. पुढं काय म्हणाल्या, असं त्यानं बायकोला विचारलं. ती म्हणाली, काही नाही, रिपोर्ट आला की सांगतील.

त्यामुळं त्याच्या पदरात अर्धंच बोलणं पडलं, आणि तो त्या अर्ध्यावर पंधरा दिवस जगला. संबंधातून येतो. म्हणजे कुणाकडून तरी येतो. बायकोच्या आयुष्यात त्याच्याखेरीज कुणी नव्हतं, हे त्याला जसं स्वतःचं वजन माहीत होतं तसं माहीत होतं. मग उरलं कोण? उस्तादाच्या हाताखाली काम शिकत होता तेव्हा, लग्नाच्या पुष्कळ आधी, तो एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. खाली इस्त्रीवाली होती. त्याच्याहून मोठी, नवरा सोडून गेलेली, सदानकदा वाफेत उभी, आणि बोलायची अशी की पहिले काही दिवस ती रागावलीय असंच त्याला वाटायचं. एक अख्खा हिवाळा तो तिच्याकडे होता. प्रेम म्हणावं का त्याला, हे त्याला कधी ठरवता आलं नाही. खोली गार असायची आणि तिच्याकडे ऊब असायची, एवढं खरं. तिनं त्याला शर्टाची घडी शिकवली: बाह्या मागं, हनुवटीखाली कॉलर धरायची, एक झटका. काम संपून तो गाव सोडून निघाला तेव्हा तिनं त्याचे सगळे शर्ट घडी करून दिले आणि म्हणाली, जा, पत्र पाठवू नकोस, मला वाचायचा कंटाळा आहे. त्यानं पाठवलं नाही. मग लग्न झालं, लेक झाली, आणि ती बाई त्याच्या आयुष्यातून अशी पुसली गेली की वर्षानुवर्षं आठवणही झाली नाही. आणि आता या पंधरवड्यात ती रोज येत होती. लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं की यायची, दोराला हात लावला की यायची, आणि त्याला तिचा राग यायचा. तिनं काय केलं होतं? पण मन असं हलकट की त्यानं त्या बाईला सरळ गुन्हेगार करून टाकलं. तिच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून हिच्याकडे. एवढी वर्षं मी ते बरोबर घेऊन फिरलो, दररोज हिच्या शेजारी झोपलो, आणि हिच्या आत ते ठेवून आलो.

देवाधर्माचं त्याला फारसं नव्हतं, त्यामुळं कुणाला साकडं घालायचं हाही प्रश्नच होता. तो नुसताच म्हणत राहिला, सापडू नये. सकाळी दात घासताना, पाना फिरवताना, भाजी निवडताना. हो, भाजीही तो निवडू लागला होता. भांडी घासू लागला. घरातल्या प्रत्येक दाराच्या बिजागरीला त्यानं तेल घातलं, खिडक्यांचे कडी-कोयंडे ठोकून सरळ केले, वर्षानुवर्षं डुगडुगणाऱ्या टेबलाचा पाय बसवला. बायको एकदा म्हणाली की घराची विक्री काढलीयस की काय. तो ओशाळून हसला आणि पुन्हा मोरीचा नळ खोलायला बसला. आणि या सगळ्यात, आत्ता रस्त्यावरून तिच्या मागं मागं चालताना त्याच्या ध्यानात आलं, की तो एकदाही असं म्हणाला नव्हता की ती बरी होऊ दे. ते तो धरूनच चालला होता. तो मागत होता ते स्वतःसाठी. मी नसू दे. तिचं काहीही होवो, त्यात मी नसू दे. हा विचार मनात आला तसा तो फुटपाथवर थांबला. मागून येणारा एक माणूस त्याच्यावर आदळला, माफ करा म्हणाला आणि पुढं गेला. जे सापडू नये म्हणून त्यानं पंधरा दिवस जीव आटवला, ते सापडलं असतं तर तिला जगायला जास्त जागा मिळाली असती. आणि ते सापडलं नाही, आणि तो हसला.

ती बरीच पुढं गेली होती. तिची चाल त्याला पाठमोरीही ओळखू यायची: उजवा खांदा पर्सनं किंचित खाली, मान सरळ, दर थोड्या वेळानं दुकानांच्या काचांत बघत, पण स्वतःला नाही, काचा स्वच्छ आहेत का ते बघत. ही बाई नसेल तर? हे वाक्य त्यानं मनात पूर्ण होऊ दिलं नाही. लग्नानंतर सुरुवातीला तो तिच्या दुकानात जायचा, दुपारी, आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत ती गिऱ्हाइकांना काचा बदलून दाखवत असायची ते दारातून ऐकत उभा राहायचा. हे बरं, की हे? हे बरं, की हे? दर वेळी तितक्याच सबुरीनं. गिऱ्हाइकं घाबरतात, ती सांगायची, त्यांना वाटतं परीक्षा आहे. शेवटी अशी वेळ येते की दोन्ही काचांतून सारखंच दिसतं, आणि नेमकं तेव्हाच ती लाजून काहीतरी ठोकून देतात. त्यांना कळत नाही की सारखंच दिसलं म्हणजे झालं, नंबर सापडला, आता पुढं काही शोधायचं नाही. त्याला ती गोष्ट इतकी आवडली होती की त्यानं ती कामावर सगळ्यांना ऐकवली होती, आणि तिच्या काचा, आपल्या लिफ्टा, दोघं मिळून लोकांना वर नेतो आणि वरचं दाखवतो, असलं काहीतरी भाबडंही बोलला होता. त्यावरून लोक त्याला वर्षभर चिडवत होते.

ती तिच्या दुकानापाशी थांबली. दुपारची वेळ, दुकान बंद होतं. मालक जेवायला जायचा आणि किल्ली तिच्याकडे असायची. त्याला वाटलं, सुट्टीचं सांगायला चिठ्ठी ठेवणार असेल. तिनं शटर कमरेइतकं वर केलं, वाकून आत गेली आणि आतून म्हणाली, "ये." रस्त्याच्या कडेला, आतून का होईना, ती त्याला ये म्हणाली, या नाही, हे त्याच्या कानांनी टिपलं. मागच्या खोलीत तिनं त्याला उंच खुर्चीवर बसवलं. कित्येक महिने ती त्याच्या मागं लागली होती की डोळे तपासून घे, आणि तो म्हणायचा की स्क्रू मला बोटांनी दिसतात. "मी ऑपरेशन होऊन पडले असताना औषधाच्या पट्ट्यांवरचं कोण वाचणार आहे?" ती म्हणाली. "सकाळची गोळी मला संध्याकाळी चारशील." तिनं दिवा मालवला. समोर अक्षरांचा फळा उजळला. तिनं ती जड, गोल, काचा घालायची फ्रेम त्याच्या नाकावर बसवली, कानांमागं केस सारखे केले आणि स्टूल ओढून इतकी जवळ बसली की गुडघ्याला गुडघा लागला.

"हलू नकोस. हे बरं, की हे?"

"पहिलं."

"आता? हे, की हे?"

"मी हसलो," तो म्हणाला.

"हं. पाहिलं मी. वर बघ."

त्यानं वर पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. अर्ध्या ऐकलेल्या सल्ल्याचं सांगितलं, रोज सापडू नये म्हणत होतो ते सांगितलं, इस्त्रीवालीचं नाव न घेता, गुळमुळीत, पण सांगितलं. अंधारात ती काचा बदलत राहिली. तिचा श्वास त्याच्या गालाला लागत होता. मध्येच तिनं एक काच काढून पदरानं पुसली आणि परत बसवली. त्याचं बोलून संपलं तेव्हा ती म्हणाली की काहीतरी आहे हे तिला कळलं होतं, घरातलं एकही दार आता करकरत नाही, इतकं तेल कुणी उगाच घालत नाही. आणि शर्टाची तसली घडी पुरुषाला आपसूक येते असं तिला वाटेल, हे त्याला वाटलंच कसं. लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच तिनं ती घडी बघून ठेवली होती. तिच्याहून चांगली होती म्हणून विचारलं नाही.

"मी सापडू दे म्हणत होते," ती म्हणाली.

त्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"तू त्या नर्सला काढायला गेलास ना, तेव्हा त्यांनी सांगितलं मला. सापडला तर त्यातल्या त्यात बरं, म्हणाल्या. नाही सापडला तर अवघड."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? सापडला तर अपराधी म्हणून झुरला असतास, नाही सापडला तर भीतीनं. निदान एका बाजूनं तरी तुझी सुटका होऊ दे म्हटलं." तिनं पुढची काच उचलली. "आणि आला असता तुझ्याकडून, तर मला चाललं असतं रे. इतकं काय काय तुझं घरात आलंय. ग्रीसचे डाग आलेत, घोरणं आलंय, ती घडी आलीय. तुझं असतं तर ओळखीचं असतं. भांडले असते मी त्याच्याशी, तुझ्याशी भांडते तशी. हे कुणाचं आहे, कुठून आलंय, काहीच माहीत नाही. माझ्या आत बसलंय आणि मला ओळख देत नाही."

शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला. सकाळपासून तिनं सुट्टीचं विचारलं होतं, लेकीचं विचारलं होतं, लिफ्टच्या तेलाचं विचारलं होतं. ती घाबरली आहे हे त्याला आत्ता पहिल्यांदा ऐकू आलं. फ्रेमच्या काचांतून तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता एक उबदार काळसर आकार होता, आणि त्या आकारावर त्याचा फार जीव होता. त्यानं चाचपडत तिचा हात धरला. हातात काच होती, तीसुद्धा मुठीत आली. कारण नाही म्हणजे हात घालायला जागा नाही, खाच नाही, खडा नाही. ती एकटी त्या बिघाडाबरोबर मधल्याच मजल्यावर अडकली आहे आणि या खेपेला वरून फिरवायला चाक नाही. मग निदान आत जाऊन तिच्याशेजारी उभं राहता येतं.

"माझंच समज," तो म्हणाला.

"काय?"

"माझ्याकडून आलंय असं समज. तपासणी चुकली म्हण. भांड माझ्याशी."

मग तिचं कपाळ त्याच्या खांद्यावर टेकलं, आणि तिचे खांदे हलू लागले. ती रडतेय की हसतेय हे त्याला अंधारात कळेना; बहुधा दोन्ही असावं, कारण मधूनच ती म्हणाली, "मेल्या, पंधरा दिवस टाळलंस आणि आता मागून घेतोयस." तो म्हणाला, हो. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी शटरला हात मारून दुकान उघडं आहे का असं विचारलं, आणि दोघंही, चोरी पकडली गेल्यासारखी, गप्प बसली. तो माणूस निघून गेला. तिनं डोळे पुसले, नाक पुसलं, त्याच्या मुठीतून काच सोडवून घेतली, ती पुसली आणि पुन्हा स्टुलावर सरळ बसली. आता तिचा आवाज नेहमीचा, गिऱ्हाइकांसाठीचा होता, तितक्याच सबुरीचा.

"हे बरं, की हे?"

त्यानं फळ्याकडे पाहिलं. अक्षरं ओली होती, पण तिथं होती. तिनं काच बदलली, पुन्हा बदलली.

"दोन्ही सारखंच," तो म्हणाला.

"झालं मग," ती म्हणाली, आणि लगेच दिवा लावला नाही.